सुजाताच्या घरचं पाणी

नांदेडहून निघाले तेव्हा तोंडात लंगरच्या (गुरुद्वाऱ्यातल्या सर्वांसाठीच्या पंगतीच्या) डाळीची चव होती. पंगतीत शेजारी कोण बसलंय, हे कुणी विचारलं नाही. एका सरदारजींनी वाकून पेल्यात पाणी ओतलं, मी प्यायले, संपलं. हे इतकं सोपं असतं, असा समज घेऊनच मी लातूरच्या एसटीत चढले.

खिडकीतून नुसती भेगाळलेली काळी जमीन दिसत होती. बोडक्या बाभळी आणि विहिरींच्या काठावर रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बाया. शेजारच्या मावशींना म्हटलं, "आता तुमचं लातूर वेगळा जिल्हा झालं."

"हाव, झालं की. पाट्या रंगवून राहिले. पान्याचं कुनी बोलत न्हाई."

लातूरला उतरून हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा पदार्थ) मागितली. मालक म्हणाला, "चुरमुरे भिजवायला पानी कुठून आनू, ताई? भजी खा." खाल्ली. तिखटानं डोळ्यांतून मात्र भरपूर पाणी आलं.

निलंग्याच्या स्टँडवर वत्सला न्यायला यायची होती. ती माझी डी.एड.ची मैत्रीण, तिकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. ती आलीच नाही, कारण पत्रावर मी सवयीनं जुना जिल्हा, उस्मानाबाद, लिहिला होता. पत्र पोचलं ते माझ्यानंतर. शेवटी एका बैलगाडीवाल्यानं मला कडब्याच्या पेंढ्यांवर बसवून गावात सोडलं. वत्सला दारातच हसत सुटली. माझ्या केसांत अर्धा कडबा होता.

रात्री ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) खाताना तिनं शाळेतली पद्धत सांगितली. पुस्तकात सगळे धर्म एका पानात उरकले होते: एक देऊळ, एक मशीद, एक विहार, खाली 'सर्व धर्म समान'. पाठ झालं की मुलं विसरायची. म्हणून हिनं वेगळंच काढलं. प्रत्येक मुलानं दुसऱ्या धर्माच्या घरी जायचं, तिथलं पाणी प्यायचं, त्यांच्यात काय काय करतात ते विचारायचं आणि वर्गापुढे सांगायचं. सुरुवात ठरलेली: 'मी अमक्याच्या घरचं पाणी प्यायले.' मग पुढचं.

एका मुलीनं येऊन सांगितलं होतं, की रोजा म्हणजे दुष्काळात पाणी वाचवायचं. दिवसभर घोटसुद्धा प्यायचा नाही, म्हणजे दुसरं काय असणार? वत्सलानं तिला पुन्हा विचारायला पाठवलं. त्या घरच्या चाचींनी रोजा असूनही तिला दोन्ही वेळा पाणी दिलं.

सांगता सांगता वत्सलानं ताट बाजूला सारलं. आता पाळी मंगलची होती, आणि घर सुजाताचं, बौद्ध कुटुंबाचं. संध्याकाळीच मंगलचे आजोबा येऊन गेले होते. अगदी अदबीनं म्हणाले होते, "बाई, दुष्काळ हाय. लेकरानं कुनाकडं पानी मागू नये. यंदा तेवढं राहू द्या." वत्सलानं मान डोलावली होती.

"एकदा राहिलं की कायमचं राहील, कळतंय मला," ती म्हणाली. "पण तहानलेल्या गावात कुणाला पाणी मागायला कसं लावू?"

सकाळच्या शाळेत मी मागे बसले. मंगल बोलायला उठली तोच दारात सुजाताची आई उभी राहिली. हातात झाकलेला तांब्या.

"बाई, काल मंगल येऊन गेली. वंदना कशी म्हनायची, पौर्णिमेला काय करता, समदं इचारलं. लई गोड पोर. पानी दिलं तर दुष्काळ हाय म्हनून नको म्हनली." तिनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "आजवर समद्यांच्या घरचं पानी पेली लेकरं. आमची पाळी आली तवाच दुष्काळ पडला का?"

सुजाता पाटीवर उगाच रेघा ओढत होती. वर बघत नव्हती.

वत्सलानं पुढे होऊन तांब्या घेतला. "चूक माझी झाली," ती म्हणाली आणि तांब्या टेबलावर ठेवला. "ज्याला प्यायचंय त्यानं प्यावं. बळजबरी नाही."

मंगल टेबलापाशी आली. मग म्हणाली, "आजोबा म्हनले, मागू नको. मी मागितलं न्हाई. काकूंनी आनलंय." तिनं तांब्या उचलला, वरून धार धरून प्यायली, तोंड पुसलं आणि वर्गाकडे वळली. "मी सुजाताच्या घरचं पानी पेले. त्यांच्यात पौर्णिमेला…"

सुजाताची आई चौकट धरून शेवटपर्यंत ऐकत होती. तांब्या वर्गभर फिरला. शेवटचा घोट मला आला.

परतताना गावाबाहेरच्या लिंबाखाली एसटीची वाट बघत होते. एक म्हातारे 'मंगलचा आजा मी' म्हणत शेजारी टेकले. "पेली का पोरगी?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. "प्यायली. आणि सगळ्यांना सांगितलंसुद्धा."

त्यांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "निजामाच्या वक्ताला आमच्या मदरशात (शाळेत) मास्तर मुसलमान होते. त्यांच्या सुरईतलं पानी आमी रोज पेत होतो. घरी कधी सांगितलं न्हाई." एसटीचा धुरळा दिसला तसे ते उठले. माझी पिशवी त्यांनीच आत ठेवली. "पेनं सोपं असतंय, बाई. ह्या मास्तरीणबाई सांगायला लावून राहिल्या."

घरी पोचले तेव्हा सासूबाई गुरुद्वाऱ्याचा प्रसाद कपाळाला लावून सगळं विचारू लागल्या. कुठं उतरलीस, काय खाल्लंस? आमच्याकडे परक्याच्या हातचं पाणी अजून जात विचारून घेतात. मी भज्यांचं सांगितलं, कडब्याचं सांगितलं. मग लिंबाखालचे आजोबा आठवले.

"मी सुजाताच्या घरचं पाणी प्यायले," मी म्हणाले, आणि सुजाता कोण, तिच्या आईनं दुष्काळात तांब्या कसा आणला, तेही सांगितलं.

सासूबाईंनी प्रसादाची पुडी पुन्हा बांधली.

"दुष्काळ म्हणतेस," त्या म्हणाल्या, "मग त्या माउलीनं ते पाणी आणलं कुठून गं?"