घर तुमचंच आहे

पेनियामिनाच्या दफनाच्या दिवशी त्याच्यासाठी बोलायला उएलेसेच उभा राहिला. दुसरं कोण राहणार? उएलेसे तुलाफाले होता. मोठ्या माणसाने गप्प बसायचं आणि त्याच्या वतीने तुलाफालेने बोलायचं, ही तिथली रीत. गावातल्या सगळ्या मेलेल्यांवर तो बोलला होता, काहींवर तर त्यांची लायकी नसताना. त्या दिवशी मात्र त्याने नाव घेतलं, गाव सांगितलं, कुळ सांगितलं आणि तिथेच अडला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गळा भरून आला. खरी गोष्ट वेगळी होती. आपल्याला हा माणूस फारसा ठाऊकच नव्हता, हे तिथे शवपेटीजवळ उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं.

तसे दोघे लहानपणापासून बरोबर. सवाई बेटाच्या किनाऱ्यावर एकत्र मासे मारलेले, एकत्र मार खाल्लेला. पुढे पेनियामिना गावापासून धक्क्यापर्यंत बस चालवू लागला, तेव्हा उएलेसे पुढच्या बाकावर बसून त्याच्याशी सबंध रस्ता भांडत जाई. पेनियामिना प्यायचा. मग एका सकाळी त्याने बस सुरू करण्याआधी सगळ्यांना टोप्या काढायला लावल्या आणि प्रार्थना केली. दारू का सोडली, काही घडलं का, कुणालाच कळलं नाही. उएलेसेने विचारलं तर म्हणाला, "गाडीचे ब्रेक जुने झालेत, म्हणून."

लोक हसले. पण थोड्याच दिवसांत ज्यांना धक्क्यावर काही काम नाही अशा बायाही पहाटे बसमध्ये येऊन बसू लागल्या. प्रार्थना झाली की उतरून घरी जात. गावातल्या मोठ्या चर्चच्या पाळकाला हे खपलं नाही. पंचांनी पेनियामिनाला डुकरांचा दंड ठोकला. त्याने डुकरं आणून दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोप्या काढायला लावल्या. शेवटी बस विकून त्याने रस्त्याकडेला जमीन घेतली आणि पत्र्याचं प्रार्थनाघर उभं केलं. खांब, फळ्या, खिळेसुद्धा त्याच्या प्रार्थनेला येणाऱ्या मंडळीने आणले होते. तेव्हापासून लोक त्याला पाळकसाहेब म्हणू लागले. उएलेसे मात्र एकांतात पेनीच म्हणे.

रोपाती आणि त्याची बायको लोसा ऑकलंडहून परत आली ती इंग्रजी शाळा काढायची म्हणून. दोघांचे आईबाप इथले, पण वाढ तिकडची. आठवड्यातले पाच दिवस प्रार्थनाघर वापरायला द्याल का, असं त्यांनी विचारलं. पेनियामिना हो म्हणाला. कोको पिता पिता ठरलं, कागद झाला नाही.

शाळेच्या उद्‌घाटनाला उएलेसे तुलाफालेची काठी, बापाकडून आलेली, घेऊन उभा राहिला. पेनियामिनाच्या वतीने पाहुण्यांचं स्वागत करायचं होतं. तो छान बोलला. "आम्ही कोण? आम्ही नुसते राखणदार. आजपासून हे घर तुमचंच आहे, ही जमीन तुमचीच आहे. आम्हाला पायरीवर बसू दिलंत तरी पुष्कळ झालं." गाव समाधानाने माना डोलवत होतं. घरात खायला काही नाही म्हणून पाहुण्याची क्षमा मागायची आणि मागे तापल्या दगडांवर अख्खं डुक्कर भाजत ठेवायचं, त्या जातीचं हे बोलणं. घरी आलेल्याला असंच म्हणतात. कुणी म्हणालं नाही, तरच लोक नावं ठेवतील.

उत्तरादाखल लोसाने बारीक विणीची चटई पुढे केली. तिच्या आजीच्या हातची; तिथे याहून मोठा नजराणा नसतो. उएलेसेने ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि मोठ्याने आभार मानले.

दुसऱ्या वर्षी प्रार्थनाघरात वर्गांच्या भिंती उभ्या राहिल्या. मग व्यासपीठ बाहेर गेलं, त्यावर ताडपत्री आली. आणि एका रविवारी मंडळी उपासनेला आली तर दाराला कुलूप. पेनियामिना आणि उएलेसे रोपातीच्या घरी गेले. तो काही उद्धट माणूस नव्हता. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या.

"काका, तुम्हीच तर दिलंत. आम्ही होतं नव्हतं ते सगळं त्या इमारतीत घातलं. व्हिडिओ आहे माझ्याकडे."

"अरे, ते बोलायचं असतं," उएलेसे म्हणाला.

"बोलायचं असतं म्हणजे? खोटं बोलायचं असतं?"

लोसा मध्येच म्हणाली, "आणि चटई घेतलीत ती?"

पेनियामिनाने दावा लावला. खटला सगळा एका माणसाच्या तोंडावर येऊन थांबला, आणि ते तोंड उएलेसेचं. कोर्टात त्याने एवढंच म्हणायचं होतं की साहेब, ते नुसतं सौजन्य होतं, त्याला अर्थ नव्हता. मंडळीला घर परत मिळालं असतं.

एवढंच म्हणायचं होतं, पण ते त्याच्याने होईना. पूर्वी एकदा डोंगराकडच्या दोन कुटुंबांत खून झाला होता. दुसऱ्या खुनाची तयारी चालली होती. तेव्हा उएलेसे हीच काठी टेकून एका कुटुंबाच्या वतीने म्हणाला होता, "आम्ही विसरलो." त्या एका वाक्यावर कोयते खाली आले. आता कोर्टात काठी टेकून बोललेल्या शब्दाला अर्थ नसतो असं त्यानेच सांगितलं, तर त्या वाक्याचं काय? त्या दोन्ही घरांतली पोरं आता मोठी झाली होती. कोयते त्यांच्याही घरात होते.

त्याची बायको मासिना त्याला सोडत नव्हती. "जन्मभर बडबडीवर पोट भरलंस. आता एक वाक्य बोलायचंय, तर जेवण जात नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढं कळतं, की पाळकसाहेबांची माणसं उन्हात बसतात."

पेनियामिना साक्षीआधीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी येत असे. मासे मिळत नाहीत म्हणायचा, फणसाला कीड लागलीय म्हणायचा. तू काय सांगणार आहेस, हे त्याने एकदाही विचारलं नाही. उएलेसे वाट बघत राहायचा. विचारलं असतं तर भांडता आलं असतं. तो उठून गेला की उएलेसेला त्याचा राग येई. असल्या वेळी गप्प बसणं ही पण एक जबरदस्तीच, असं त्याला वाटे.

आदल्या दिवशी त्याने ठरवलं. सांगून टाकायचं. पुढे कुणी बोलावलं नाही तर नाही.

कोर्टात पंखे फिरत होते आणि डोंगराकडची ती पोरंही मागच्या बाकावर येऊन बसली होती. आधी व्हिडिओ लावला. आपला आवाज इतका मोठा असेल असं उएलेसेला कधी वाटलं नव्हतं. शाळेची वकीलबाई राजधानीहून, आपियाहून आली होती, वयाने लहान, पण बोलायला नम्र.

"हे तुम्हीच ना, आजोबा?"

"मीच."

"हातात काठी कुणाची?"

"बापाची."

"ती काठी टेकून तुम्ही कधी खोटं बोललात?"

उएलेसेने कठडा घट्ट धरला. मागे कुणी तरी खोकलं. ठरवलेलं वाक्य जिभेवर होतं.

"बाई, आमच्यात पाहुण्याला असं—"

"थांब," पेनियामिना म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. तुलाफाले बोलत असताना, ज्याच्या वतीने तो बोलतो त्यानेच त्याला मध्येच तोडणं, हे गावाने कधी पाहिलं नव्हतं. न्यायाधीशांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"साहेब, हा माझ्या वतीने बोलला. त्या दिवशी माझं तोंड हाच होता. त्याला इथे सगळ्यांदेखत खोटं ठरवून मला घर नको. दिलं म्हणाला ना, मग दिलं."

याचा अर्थ तुम्हाला कळतो का, असं न्यायाधीशांनी विचारलं. हवं तर उद्या सांगा, असंही म्हणाले. पेनियामिनाने नको म्हणून मान हलवली आणि दावा काढून घेतला. रोपाती खाली बघत होता. लोसा रडत होती, ती कशासाठी, कुणाला कळलं नाही.

बाहेर आल्यावर उएलेसेने त्याचा दंड धरला. "मी बोलणार होतो. लाज गिळून बसलो होतो मी. तुला मध्ये पडायला कुणी सांगितलं?"

"भूक लागलीय," पेनियामिना म्हणाला. "मांसाचे पाव मिळतात का बघू चल."

मंडळी फुटली. काही माणसं मोठ्या चर्चमध्ये परत गेली. दोघा म्हाताऱ्यांनी आतून संगनमत केलं, असंही लोक बोलले. राहिले ते पेनियामिनाच्या घरी उपासनेला बसू लागले. तिथल्या रीतीप्रमाणे घराला भिंती नव्हत्या, वारा सुटला की पुस्तकं धरून बसावं लागे. एकदा रोपाती बीफचे डबे घेऊन आला. म्हणाला, रविवारी तुम्ही तिकडेच या, घर तुमचंच आहे. पेनियामिना पोट धरून हसला.

"नको रे बाबा. या वाक्याने मला आता धडकी भरते."

डबे त्याने ठेवून घेतले, पण रविवारी तो गेला नाही.

त्याने तसं का केलं? मित्रासाठी, डोंगराकडच्या पोरांसाठी, की शाळेतल्या मुलांसाठी? की त्यालाही कोर्टाचा कंटाळा आला होता? उएलेसे कित्येक महिने हा प्रश्न मनात घोळवत होता. शेवटी एका रविवारी उपासना संपल्यावर, लोक पांगल्यावर, तो मागे थांबला. पेनियामिना चटईवर आडवा झाला होता, डोळ्यांवर हात.

"पेनी, एक विचारायचंय."

"विचार की."

वाक्य तयार होतं. घरून येताना दोनदा म्हणून पाहिलेलं. उएलेसे उभाच राहिला. चुलीवरून अळूच्या पानांचा आणि नारळाच्या दुधाचा वास येत होता.

"पालुसामी उरलंय का?"

"मांजराने तोंड घातलं."

"सगळ्यात?"

"एक बाजूला ठेवलंय. कांदा जास्त पडलाय त्यात."

"चालेल," उएलेसे म्हणाला.