गळ्याभोवतीचं कापड

आमच्या यांचं सलून होतं, दोन खुर्च्यांचं. एका खुर्चीत दाढीचं गिऱ्हाईक, दुसरीत वाट बघणारं, कारण वस्तरा चालवणारा एकच. बोलघेवडी माणसं यांना अजिबात खपायची नाहीत. गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं की हे म्हणायचे, "मान मागे, तोंड मिटा." मग साहेब असो नाहीतर हमाल. सगळी गल्ली यांना ‘तोंडमिटे’ म्हणायला लागली आणि मला तोंडमिटेवहिनी. घरात माझं तोंड कधी मिटलं नाही, ते सोडा.

मग विसरणं सुरू झालं. एकदा गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून हे घरी निघून आले. पुढे घर कुठलं ते विसरले, मग मी कोण तेही. लोक म्हणायचे, "वय झालं, चालायचंच." कसलं डोंबलाचं चालायचंच! हे बाहेर पडून हरवतील म्हणून दाराला आतून कुलूप लावून मी यांच्यासोबत कोंडून घेतलं. भाजीसुद्धा शेजारीण आणून द्यायची.

मागच्या वर्षी हे जेवेनासे झाले. घास पुढे केला की हनुवटी वर आणि ओठ घट्ट. माझे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार ओरडता, म्हणून दादा रुसलाय." मी ओरडते, खरंय. पण अंगावर सांडू नये म्हणून मी यांच्या गळ्याभोवती टॉवेल बांधत होते, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एक दिवस ते ध्यानात आलं आणि कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेलं हे स्वतः पाळत होते! टॉवेल सोडला, चमचा धरला, आणि यांनी आ केला. मी हसत सुटले आणि हसता हसता रडले. दिरांनी ही गंमत जगभर सांगितली.

तीच आता माझ्या मुळावर आलीय. कारण आता टॉवेल नसतानाही ओठ उघडत नाहीत. जबरदस्तीनं घास गेलाच तर ठसका लागून जीव कासावीस होतो.

डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "हा हट्ट नाही. या आजारात शेवटी गिळणंही जमत नाही. खात नाहीत म्हणून ते चाललेले नाहीत, चाललेत म्हणून खात नाहीत. नाकातून नळी घालून दिवस वाढतील असं नाही. आणि ते नळी ओढून काढतील, मग हात बांधावे लागतात. ओठ ओले ठेवा. जवळ बसा."

यांचे हात बांधायचे? मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. पण दिरांना कोण समजावणार? "वहिनी, मागे नव्हता का टॉवेल निघाला? आताही असंच काहीतरी असणार. शोधा ना! नाहीतर नळी घाला. माझ्या भावाला उपाशी मारू नका." येईल तो माझ्याकडे असंच बघतो. उठून कुठेतरी निघून जावंसं वाटतं, पण जाणार कुठे?

खरं सांगू, दीर बोलतात ते लागतं, कारण माझ्या डोक्यातही तेच घोळतं. काही राहिलं असेल का? मी चमचा बदलून पाहिला, उशी काढून पाहिली, सलूनची खुर्ची आणवून यांना तिच्यात बसवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

आज दीर नळीचं पक्कं करायला येणार होते. मी सलूनमधलं पांढरं कापड काढलं आणि यांच्या गळ्याभोवती बांधलं. कोमट पाण्यानं गाल भिजवले, फेस केला, हळूहळू दाढी केली. यांनी हनुवटी थोडी वर केली. ओठ मिटलेले, शहाण्या गिऱ्हाइकासारखे.

दीर दारात येऊन थांबले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो वहिनी, कापड सोडा की! मग घेईल तो घास."

"घेतील हो, दाढी तर होऊ द्या," मी म्हटलं.

दीर स्टूल ओढून वाट बघत बसले. दाढी केव्हाच झाली होती. हे कापड आहे तोवरच त्या मिटल्या तोंडाला काही कारण आहे. मी पुन्हा फेस केला आणि गुळगुळीत गालांवरून ब्रश फिरवत राहिले.