रेषेअलीकडचे चाचा

"जायाचं कळलं. यायाचं सांग."

कुणीही रजेवर निघाल्याची बातमी घेऊन खिडकीशी आलं, की चाचांचं पहिलं वाक्य हेच. अभिनंदन नाही की घरच्यांना सलाम सांग नाही. आधी चष्मा कपाळावर जायचा, मग डावा तळवा पुढे यायचा आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटाने मधोमध एक आडवी रेघ. "ही रेषा. सहा महिने. हिच्या अलीकडं तू मोकळा. पलीकडं गेलास की सरकारचं गिऱ्हाईक."

समोरचा बिचारा महिनाभराच्या रजेवर चाललेला असायचा. बहिणीच्या लग्नाला, आईच्या मोतीबिंदूला, नाहीतर नुसता आंबे खायला. सहा महिने राहतोय कुठला! पण चाचांना ते पटायचं नाही. "घरात एकदा पाय पसरले की मानूस उठत नाय. सांगून ठेवलेलं बरं."

सौदीतल्या जुबैलच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथे चाचा विम्याच्या खिडकीवर बसायचे. कारखान्यांतले कामगार कंपनीच्या बसने यायचे, आणि त्यांच्या औषधाला, एक्स-रेला विमा कंपनीची मंजुरी मिळवायची हे त्यांचं काम. फोनवर अरबीत असे भांडायचे की पलीकडचा कंटाळून हो म्हणायचा. मग फोन ठेवून "खलास!" आणि पुढचा नंबर. माझी इंजेक्शनची खोली अगदी शेजारी, मध्ये एक पातळ पार्टिशन. त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू यायचं आणि माझं त्यांना. मी सुई टोचताना प्रत्येकाला एकाच सुरात सांगते, "कुछ नहीं होगा, ज़रा भी दर्द नहीं होगा." मग आतून पेशंटची किंकाळी आली की पलीकडून चाचा ओरडायचे, "बाय, परत खोटं बोललीस!"

ज्यांना या रेषेचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सौदीत पगारावर टॅक्स नाही. भारतात आहे, पण तुम्ही परदेशात राहून कमावत असाल तर त्या पगाराला भारत सरकार हात लावत नाही. मात्र एका वर्षात सहा महिने भारतात काढलेत, की तुम्ही तिथले रहिवासी, आणि मग बाहेरची कमाईसुद्धा तिथे दाखवायची. आम्ही सगळे एवढंच जाणत होतो, आणि तेही चाचांकडून.

माझा नवरा नाशकात शाळेत शिकवतो. त्याच्या पगारातून टॅक्स कापला जातो, माझ्या नाही. नवीन नवीन आले तेव्हा मी चाचांना विचारलं, की नवऱ्याच्या रिटर्नमध्ये माझा पगार दाखवायचा का? चाचा खुर्चीत मागे रेलून हसले. "निकाह एक, पॅन कार्ड दोन!"

"चाचा, माझा निकाह नाही झाला. लग्न झालंय."

"तेच गो. मौलवी आणा नाय तर भटजी आणा. टॅक्सवाल्याच्या पुढं नवरा-बायको दोन वायली मानसं. तो तिकडं त्याचं बघेल, तू इकडं तुझं बघ."

हे वाक्य त्यांनी कुणाकुणाला ऐकवलं असेल! एकदा पुण्याचा एक तरुण इंजिनिअर आला, हेल्मेट काखेत धरून. खोकल्याचं औषध घ्यायला आला होता, पण घुटमळला खिडकीशी. बायको पुण्यात कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत, हा इथे, लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं. "चाचा, आम्ही दोघांचं एकत्र रिटर्न भरू शकतो ना? माझा अमेरिकेतला भाऊ भरतो."

"अमेरिकेत भरत असतील जोडीनं. आपल्यात शादी जोडीनं, टॅक्स एकेकट्यानं," चाचा म्हणाले. मग जरा आवाज खाली आणून, "पन बाबा, तू टॅक्सचं विचारत नायस. तुला बायकोबरोबर कायतरी एकत्र करायचं हाय. तिला इकडं घेऊन ये दोन म्हैने. फिरव कॉर्निशवर, दर्याच्या कडेनं." पोरगा कानापर्यंत लाल झाला. औषध खिडकीवरच विसरून गेला.

लोकांना असं सांगणारे चाचा स्वतः एकटे राहत होते.

आधी तसं नव्हतं. चाची आणि तीन मुलं इथेच होती, दोन खोल्यांच्या घरात. जुने लोक अजून चाचीच्या तांदळाच्या भाकरीची आणि सुकटीची आठवण काढतात. मग इथल्या सरकारने फी लावली. इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, जितकी माणसं अवलंबून, तितक्यांची दरमहा फी, आणि दरवर्षी ती वाढत गेली. आमच्या ओळखीतली किती बिऱ्हाडं त्या काळात उठली! फर्निचर फुकट घ्या म्हणून लोक मागे लागायचे. चाचांनीही चाचीला आणि मुलांना दापोलीकडच्या गावी पाठवलं. म्हणायचे, "हिकडं बायको जवळ ठेवायची तर फी, तिकडं बायकोजवळ ऱ्हायचं तर टॅक्स. मानसानं बसायचं कुठं, विमानात?"

आम्ही हसायचो. तेही हसायचे. मग डब्यातून खुबूसची रोटी काढून मसुराच्या आमटीत बुडवून खायचे. जेवताना चाचीचा व्हिडिओ कॉल ठरलेला. ती पहिल्यांदा विचारायची, "पाव्हणं जेवलं काय?" नवऱ्याला ती पाहुणाच म्हणायची, आणि चाचांनाही त्याचं काही वाटत नसे. मग ती फोन घेऊन अंगणभर फिरायची. कोंबड्या, माड, जांभ्याचा गडगा, आणि शेवटी बेडं, म्हणजे त्यांच्याकडचं अंगणाचं फाटक. बेड्याशी आली की तिचा शेवटचा प्रश्न, "कवा येताव?" चाचा म्हणायचे, "येतो गो." झाला कॉल.

मग चाची न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. चाचा दुसऱ्या दिवशी विमानात. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, तसा भला माणूस, त्याने बिनपगारी रजा दिली, व्हिसाही वाढवून दिला. ऑपरेशन झालं, पण चाची बिछान्यातून लवकर उठेना. मी नर्स म्हणून चाचा मला सगळं कळवायचे. आज पाय हलवला, आज वॉकर धरून उभी राहिली, आज पडवीपर्यंत गेली. चाचांनी तिला शब्द दिला होता, की तू बेड्यापर्यंत चालत जाशील तेव्हा मी तुझ्या शेजारी असेन.

आणि एका सकाळी बघते तर काय, चाचा खिडकीत बसलेले!

"चाची चालायला लागली?"

"पायरी उतरते. बेड्यापर्यंत नाय अजून."

"मग आलात कशाला? मुदीर तर अजून महिनाभर थांब म्हणाला होता."

त्यांनी डावा तळवा पुढे केला आणि त्यावर रेघ ओढली. "रेषा आली ना बाय. आनखी थांबलो असतो तर वर्साची कमाई टॅक्सात. तिचं ऑपरेशन, धाकटीची कालेजची फी... सगळं हिकडचंच ना?"

मी फार बोलले त्यांना त्या दिवशी. म्हटलं, सरकार काय गिळणार होतं का तुम्हाला? तिकडे ती बाई भिंत धरून चालतेय आणि तुम्ही इथे तळहातावर रेघा मारत बसलात! चाचा ऐकत राहिले. माझ्या जिभेला हाड नाही हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी म्हणाले, "झालं बोलून? मग चहा घे."

आठवड्याभरात चाचीचा व्हिडिओ आला. वॉकर पुढे ढकलत ती बेड्यापर्यंत गेली, बेड्यावर हात ठेवला आणि मागे वळून बघितलं. मुलगी मोबाइल धरून होती. शेजारी कुणी नव्हतं. तो व्हिडिओ चाचांनी मला दाखवला, डॉक्टरांना दाखवला, झाडूवाल्या बांगलादेशी भावालाही दाखवला. "बघा, चालली! एकटी चालली!" सगळ्यांना दाखवून झाल्यावर खिडकी अर्धी लावून ते एकटेच परत बघत बसले. मला रडू आलं. मी उगाच कापसाचे बोळे करत बसले.

त्यानंतर काही वर्षं तशीच गेली. मुलगे मुंबईला लागले, धाकटीचं लग्न झालं. चाची काठी घेऊन चालू लागली. चाचा महिनाभर जायचे आणि परत यायचे.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. चेहरा असा, की मला वाटलं बीपी वाढलं. मी त्यांना स्टुलावर बसवलं.

"बाय, आज तिनं इचारलंच नाय."

"काय नाही विचारलं?"

"कवा येताव म्हनून. अंगण दाखवलं, कोंबड्या दाखवल्या, बेड्याशी आली. मी वाट बघतोय. ती बोलली, बरं हाय, ठेवते. नि ठेवला." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ती भांडली असती तर चाललं असतं गो. रडली असती तरी चाललं असतं."

मी म्हटलं, विसरली असेल. ते म्हणाले, "विसरलीच ना. तेच तर बोलतोय."

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला आणि कायमचं जायचं ठरवलं. मे महिना होता. आता गंमत बघा. कायमचं घरी जाणाऱ्याला चाचांचा स्वतःचा सल्ला ठरलेला होता. टॅक्सचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, तेव्हा जायचं तर दसरा-दिवाळीनंतर जा, म्हणजे त्या वर्षात सहा महिने भरतच नाहीत. हा सल्ला त्यांनी सगळ्या जुबैलला दिलेला. आणि आता ते स्वतःच मे महिन्यात निघाले! पुण्याचा तो इंजिनिअर मुद्दाम भेटायला आला आणि चाचांसमोर आपला तळवा धरून त्यावर रेघ मारली. "चाचा, रेषा! दिवाळीनंतर जा. नोकरी सोडताना मिळणारे पैसेपण वाचतील तुमचे."

चाचांनी त्याचा तळवा मिटवला. "घेऊ दे टॅक्स. मी काढून ठेवलाय बाजूला. या खेपेला पलीकडंच जायाचं."

निघताना खिडकीशी गर्दी झाली. प्रत्येकाने तेच विचारलं, सगळे ठरवूनच आले होते, "चाचा, जायचं कळलं, यायचं सांगा!" चष्मा कपाळावर तसाच राहिला होता, आणि तो सापडत नाही म्हणून चाचा खिशात शोधत होते.

पुढे महिने गेले. खिडकीत एक सौदी मुलगी आली, चुणचुणीत आहे, सगळं कॉम्प्युटरवर करते. कुणी रजेवर निघालं तर हसून "बाय बाय" म्हणते. मला पार्टिशनपलीकडून ओरडणारं कुणी उरलं नाही.

मग एका दुपारी चाचांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ झाली असावी, मागे कोंबड्यांना हाकलणं चाललं होतं.

"बाय, सरकार टॅक्स घेत नाय!"

"म्हणजे?"

"मी गेलो चिपळूणला, सीएकडं. रेषेच्या पार पलीकडं गेलोय बोललो, घ्या काय ते. तर तो हसला माझ्यावर. बोलतो, चाचा, तुमी इतकी वर्सं भायेर होतात. असा मानूस परत आला की सरकार पहिली दोन-तीन वर्सं त्याला पुरता हिकडचा धरत नाय. तवर भायेर कमावलेल्या नि भायेरच घेतलेल्या पगारावर टॅक्स नाय. कायद्यातच हाय बोलला. हिला सांगितलं, तर ही काय बोलली माहिताय? सरकार शहाणं हाय. मलापन तुमाला हिकडचं धरायला तेवढीच वर्सं लागतील."

मी खो खो हसले. तेही हसले. आणि मग हसता हसता थांबले. माझ्याही ध्यानात त्याच क्षणी आलं.

"बाय," ते म्हणाले, "म्हंजे हिच्या खुब्याच्या वर्सी... तवापन मी किती वर्सांचा भायेर होतो. मी म्हैनाभर थांबलो असतो तर तवापन नसता लागला का गो?"

नसताच लागला. सगळ्या जुबैलभर आम्ही एकमेकांना रेघा दाखवत राहिलो, आणि एकानेही कधी सीएला विचारलं नाही.

"तेव्हा कायदा वेगळा होता चाचा," मी म्हटलं. "तेव्हा लागलाच असता. नक्की."

पलीकडे चाचांनी एका कोंबडीला हुसकावलं.

"बाय," चाचा हळूच म्हणाले, "सुई टोचताना बोलतंस ना, तसंच बोललीस."

तेवढ्यात मागून चाचीचा आवाज आला, "अवो, येताव ना? ऊन गेलं."

"आलो, आलो," चाचा म्हणाले. "बेड्यापर्यंत जातो आमी रोज या टायमाला. ठेवतो हा." पण फोन बंद करायचं ते विसरले, कट्ट्यावर कुठेतरी ठेवला असावा. मला काठीची टकटक ऐकू आली, तिच्याबरोबर चपला घासल्याचा आवाज, आणि चाचांचं "हळू गो, मी हाय." मीही फोन बंद केला नाही. ऐकत राहिले, बेड्याची कडी वाजेपर्यंत.