आणखी एक अर्ज

दादरला माझं टायपिंगचं दुकान होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची पत्रकं टाइप करताना जेवायलाही सवड मिळत नसे, आणि नेमके तेव्हाच एक ख्रिस्ती गृहस्थ येत. भिकाऱ्यांना पकडून डांबण्याचा कायदा येऊ घातला होता. त्यातून म्हाताऱ्या, आजारी माणसांना वगळा, असा अर्ज सरकारला करायचं काम त्यांच्या चर्चच्या मंडळानं त्यांच्यावर सोपवलं होतं.

हॅट मांडीवर ठेवून ते ओळींवरून बोट फिरवत वाचत आणि दर वेळी एखादा शब्द बदलायला लावत. मला अख्खं पान पुन्हा टाइप करावं लागे.

"भिकारी नको. मागून खाणारी माणसं, असं लिहा."

"अहो, कायद्यातच भिकारी म्हटलंय," मी वैतागून म्हणालो.

"म्हणून तर अर्ज करतोय."

असे सात अर्ज गेले. कायदा झाला, पण कुणालाही वगळलं नव्हतं. आपण सुटलो, असं मला वाटलं. आठवड्याभरात ते पुन्हा दारात उभे. चर्चच्या पायरीवर बसणाऱ्या एका आंधळ्या म्हातारीला उचलून नेलं होतं.

"आता कायद्याचं राहू द्या. हिला सोडवायचा अर्ज लिहा."

त्या दिवशी मी पत्रकं बाजूला सारली.

महिन्याभरानं ते आले. "सुटली," एवढंच म्हणाले. मला बरं वाटलं. चहा सांगायला मी उठलो, तोवर त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. तीत आणखी चार नावं होती. या माणसाला कंटाळा कसा येत नाही, ते मला कधीच कळलं नाही. मी कपाळाला हात लावला आणि मशीनवर नवा कागद चढवला.