दह्याशेजारची बाटली

मुलांनो, घरात काही खुट्ट झालं की मी आधी खिडकीची कडी बघते, मग फ्यूज. भुतांपर्यंत माझी कधी मजलच गेली नाही... तरीही हे लिहितेय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत खाली तुमच्या आजोबांची पॅथॉलॉजी लॅब, वर आमचं घर. लॅबचा फ्रिज बिघडला होता, म्हणून मुंबईहून थर्मासात बर्फ घालून आणलेली अँटिबॉडी आमच्या घरच्या फ्रिजमध्ये आली. बाटली बोटाच्या पेराएवढी. कर्करोगाच्या गाठीत एक ठरावीक प्रथिन असलं की हे औषध त्याला चिकटतं आणि काचपट्टीवर तपकिरी रंग उमटतो. रंग आला तर गोळ्या लागू पडायची आशा. गाठ होती माझ्या नणंदेची, इंदापूरच्या सुमनताईंची. बाटली तापली की वाया. दुसरी यायला महिना तरी लागणार.

सासूबाई आदल्या वर्षीच गेल्या. असत्या तर बाटली फ्रिजमध्ये शिरलीच नसती. "येवढी इंग्रजी शिकलीस, पर दह्याशेजारी असलं ठेवू न्हाय, हे कळंना व्हय?" असं लॅबचं काही वर आलं की नेहमी म्हणायच्या.

मी दह्याशेजारीच ठेवली.

तपासणीआधी सुमनताईंना नरसिंहपूरला देवदर्शन हवं होतं. आम्ही तिघंही गेलो. घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. दोन दिवसांनी परतलो, तर आम्ही निघालो त्याच दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळालेला... भर एप्रिलात. फ्रिज उघडला — दूध नासलेलं, दह्यावर फेस, आणि बाटली जागेवर नाही.

सुमनताई खाली बसल्या. "जाऊ द्या वहिनी. आधी पाणी द्या."

पाणी घ्यायला वाकले, तर माठाखालच्या ओल्या वाळूत एक पांढरी पुरचुंडी. सासूबाई विड्याची पानं ओल्या फडक्यात बांधून तिथंच ठेवायच्या, घडीसुद्धा तीच. आत बाटली, गारेगार. फडकं म्हणजे माझा इस्त्रीचा, कशिदा काढलेला नॅपकीन — मधोमध फाडलेला.

"तूच ठेवली असशील. विसरलीस," आजोबा म्हणाले.

"मी? माझाच नॅपकीन फाडून?"

ते मला ओळखत होते.

औषध शाबूत आहे का हे कळावं म्हणून त्यांनी रंग येणारच अशी आधीच खात्री असलेल्या दुसऱ्या एका गाठीची काचपट्टी शेजारी घेतली. दोन्हींवर तपकिरी रंग आला. सुमनताईंनी मायक्रोस्कोपला वाकून नमस्कार केला. गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढे कित्येक दिवाळ्या त्या माझ्या करंज्यांना नावं ठेवायला येत राहिल्या.

"आई माझ्यासाठी आली व्हती," त्या सांगायच्या.

कुलूप शाबूत होतं, किल्ली माझ्याकडे होती. मला आजही उलगडा झालेला नाही. आणि समजा सासूबाईच आल्या असतील, तरी लेकीसाठी आल्या की दह्यासाठी, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हापासून लॅबचं काही वर आलं की दही मी मुकाट्यानं वेगळ्या कप्प्यात ठेवू लागले.