मधली फट

माथेरानच्या बाजारातल्या गेम पार्लरमध्ये एक जुनं पिनबॉलचं मशीन आहे. त्यात घंटा खरीखुरी वाजते आणि आकडे चाकांवर खटखट फिरतात. पण बनवणाऱ्याने गोळी परतवणारे दोन दांडे एकमेकांपासून इतके लांब बसवलेत, की ती मधोमध घरंगळत आली तर एकही दांडा तिच्यापर्यंत पोचत नाही.

माझी गोळी नेमकी तशीच आली. मी दांडे हलवणारी दोन्ही बटणं दाबत राहिलो.

"सगळेच दाबतात," गल्ल्यावरचे काका म्हणाले. "पोचणार नाही हे दिसत असतं, तरी."

गेल्या महिन्यात दादाचे पाय गार पडत चालले होते. आता काही उरलं नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. मी त्याच्या तळव्यांना सुंठ चोळत बसलो. बऱ्याच वेळाने वहिनी हळूच म्हणाल्या, "भावोजी, पुरे. ते गेलेत मघाशीच."

तरी मी चोळत होतो. बनवणाऱ्याला आपण असे असतो हे ठाऊक असणार, नाहीतर त्याने एवढी फट ठेवून वर बटणं कशाला दिली असती?

"अजून एक डाव?" काकांनी विचारलं.

गोळी केव्हाच खाली गेली होती. दांडे मात्र अजून हलत होते.