हलीमाचा डावा हात

घाटंजीच्या आठवडी बाजारात कापडवाल्यांची रांग संपते, तिथे कडुलिंबाखाली हलीमा बांगड्या घेऊन बसायची. काम सासूनं शिकवलेलं. गिऱ्हाइकाचा पंजा डाव्या हातात घ्यायचा, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून दाबून मऊ करायचा, बाईला माहेरच्या गोष्टीत गुंतवायचं आणि तेवढ्यात उजव्या हातानं बांगडी पुढे सरकवायची. लोकांना उजवा हात दिसायचा, पण खरी करामत डाव्याची.

गाठ नेमकी डाव्या छातीत निघाली.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात थान काढलं, काखेतल्या गाठीही काढल्या. घरी सोडताना नर्सबाई म्हणाली, "या हातावर ओझं नको, सुई नको, घट्ट काही नको. बांगड्यासुद्धा नकोत, मावशी." जिनं अर्ध्या तालुक्याचे हात भरले तिला हे सांगणं! हलीमाला हसू आलं. नर्सबाईला वाटलं, बाई मनानं खंबीर आहे.

मग औषधांचे डोस झाले. केस गेले, ते पावसाळ्यात परत आले, कोकराच्या अंगासारखे मऊ. खांद्यासाठी रोज भिंतीशी उभं राहून बोटांनी वर वर चढायचं. मुलगी माहनूर कोळशानं खूण करायची, "अम्मी, कालच्यापेक्षा वर गेली तू." माहनूर कॉलेजात शिकत होती आणि बाजारच्या दिवशी बांगड्या घेऊन बसत होती. ती घाई करायची, काच फुटायची, बायांच्या मनगटाला ओरखडे निघायचे. हलीमाला फुटलेल्या बांगड्यांचं एवढं वाटत नव्हतं. पोरगी पाठमोरी उभी असली की तिच्या मनात एकच यायचं, हे दुखणं हिच्या वाट्याला तर येणार नाही ना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढे हिचीही वेळच्या वेळी तपासणी करत जा. त्या 'पुढे'ला हलीमा रोज भीत होती.

खांदा वर जाऊ लागला, पण मन काही तेवढं उघडत नव्हतं. न्हाणीत जाताना ती आरसा भिंतीकडे वळवायची. नवरा रहेमान सायकली दुरुस्त करायचा. ऑपरेशनपासून तो पडवीत झोपायला लागला होता. का, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तिनं आपलं आपणच उत्तर काढलं होतं.

पहिल्या वेचणीचा कापूस घरोघरी आला तेव्हा हलीमा पुन्हा कडुलिंबाखाली जाऊन बसली. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. बाया डझनाऐवजी चार-चार बांगड्या भरायच्या. आणि गावोगावी कर्जापायी नवरा गेलेल्या, रिकाम्या हातांच्या तरण्या बाया इतक्या झाल्या होत्या, की हात रिकामा दिसला म्हणजे लोक कारण विचारत नसत. ते ठाऊकच असे.

जवळच्या खेड्यावरची एक बाई समोर बसली. हलीमाचा उजवा हात बांगड्यांच्या पेटीत होता; मोकळा डावा तेवढा पाहून तिनं पदर डोळ्याला लावला.

"कधी झालं वं हलीमाबी? आम्हाले खबर बी नाई."

"गेल्या दिवाळीनंतर," हलीमा म्हणाली. तिला वाटलं, ऑपरेशनचं विचारते.

"मोठा सोन्यासारखा माणूस होता रहेमानभाई. माह्या पोराची सायकल फुकट नीट करून दिली होती त्यानं."

रस्त्यापलीकडे चाकात हवा भरणाऱ्या रहेमाननं मान वर केली. "बाई, मी जित्ता हाव! पाहा, पंप मारून राह्यलो!"

"अगं माय!" बाई किंचाळली. सारा बाजार हसला, हलीमाही हसली. पण पोरीबाळी घेऊन ताटकळलेल्या दोन बाया तिच्या मोकळ्या हाताकडे बघत उठून पुढच्या बांगडीवाल्याकडे गेल्या. ते हलीमानं पाहिलं.

त्याच आठवड्यात जुनी मैत्रीण शीला आली. तिच्या लेकीचं, जयाचं लग्न ठरलं होतं. "माह्या लग्नात तुह्या सासूनं हात भरले. जयाचे तूच भरशीन," ती म्हणाली. मग जमिनीकडे बघत हळूच, "घरात जुन्या बाया हायेत वं. काही बोलतीन. जमलं तं हात भरून येजो."

शीलाच्या पोटात कपट नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. जयाचे हात आपण भरले नाहीत, तर उद्या बाजारातही कोणी आपल्यापुढे हात करणार नाही, हे हलीमाला कळत होतं. शीला गेल्यावर तिनं साबण लावून सहा हिरव्या बांगड्या डाव्या हातात चढवल्या. सवय व्हावी म्हणून दिवसभर ठेवल्या. धुणं धुतलं, भाकरी थापल्या.

दिवे लागायच्या वेळेला हात आंबलेल्या पिठासारखा फुगला. बांगड्या मांसात रुतल्या. तेल झालं, साबण झाला, एकही सरकेना.

"काहून घातल्या, अम्मी? तुले सांगितलं होतं ना!" माहनूर रडायलाच लागली.

रहेमान पक्कड घेऊन आला. जुन्या ट्यूबची पातळ पट्टी कापून त्यानं ती काचेखालून हळूच सारली, म्हणजे काच टोचू नये, आणि पकडीनं चिमटा घेतला. कट. दुसरी. तिसरी. बाही वर सरकली होती. हलीमा दुसऱ्या हातानं ती खाली ओढू लागली.

"राहू दे. दिसत नाई मले मंग," तो म्हणाला.

"पाहू नका. तुमाले किळस येते. म्हणून तं पडवीत झोपता."

रहेमानचा हात थांबला. "किळस? झोपेत माहं कोपर लागलं तं तुले दुखंन, म्हणून झोपतो. थंडीनं मरून राह्यलो न तिथं."

माहनूर रडता रडता फिस्कन हसली. हलीमा मात्र तेव्हा पहिल्यांदा रडली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. रहेमाननं उरलेल्या बांगड्या काढल्या, कपाळाचा घाम पुसला आणि आपलं अंथरूण आत आणून टाकलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हात उशीवर उंच ठेवायला सांगितला आणि रागावलेही. सूज लग्नापर्यंत बऱ्यापैकी उतरली.

हात भरायच्या दिवशी हलीमा शीलाकडे गेली ती डावा हात मोकळा ठेवूनच. माहनूर सोबत होती. बुद्धांच्या तसबिरीखाली सतरंजीवर जया बसली, भोवती बाया. जयाची चुलत आजी गंगी मोठी तोंडाळ.

"हे काय वं? शुभ कामाले रिकामा हात?"

शीला कावरीबावरी झाली. हलीमानं बांगड्यांची पेटी उघडली आणि जयाचा पंजा हातात घेतला.

"कॅन्सर झालता, आजी. डावं थान काढलं. या हातात आता बांगडी चालत नाई. नवरा जित्ता हाये, बाहेर सायकलीपाशी उभा हाये. पाहून या पाह्यजे तं."

गंगी खरंच उठली, दारातून डोकावली आणि परत येऊन बसली. "हाये बाप्पा. बिडी पिऊन राह्यला."

बायका हसल्या. जयाचा हात त्या हसण्यात सैल पडला आणि पहिली बांगडी विनासायास गेली. मग दुसरी. जयाचा उजवा हात पूर्ण भरेपर्यंत हलीमाच्या खांद्यातून कळ निघायला लागली. पूर्वी तिनं ती दाबली असती.

"माहनूर, दुसरा हात तू भर," ती म्हणाली. "अंगठ्याखाली दाब. असं नाई, हळू. तिच्याशी बोल आधी."

माहनूरच्या हातून एक फुटली. बाकीच्या चढल्या. जया दोघींच्या पाया पडली.

पेटी बंद होते तोच गंगीनं आपला सुरकुतलेला पंजा पुढे केला. "मलेबी भर. पण तू भर. पोरगी काच फोडते."

"आज हात थकला, आजी," हलीमा म्हणाली. "बाजाराच्या दिवशी या. मी बसतो तिथंच."